बायबल पहिल्यांदा हातात घेताना: मीठ, जाळं आणि समुद्र

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या ओटीवर अधूनमधून कुणीतरी बायबल घेऊन येतं. कधी मराठी साहित्य शिकणारी कॉलेजातली मुलगी, कधी नाताळात ऐकलेली गोष्ट मुळातून वाचावीशी वाटणारे शेजारचे काका. बहुतेकांची तक्रार एकच असते: "बाई, पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या पुस्तकात अडकलो." तिसरं पुस्तक म्हणजे लेवीय. यज्ञबलींचे नियम, कुष्ठाच्या तपासण्या, काय खावं नि काय खाऊ नये याच्या याद्या. तिथे भलेभले थांबतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं घर वेंगुर्ल्याकडचं, कॅथलिक. आजोबा रापणीवर, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे. इतकी वर्षं बायबल वाचताना आणि वाचून दाखवताना एक गोष्ट मनात पक्की झाली. या ग्रंथातली प्रतीकं 'अमुक म्हणजे तमुक' अशा यादीतून पाठ करून कळत नाहीत. आधी ती वस्तू ओळखायची, ती काय काम करते ते बघायचं, मग अर्थाकडे जायचं. मीठ, मासे, जाळं, होडी, दिवा, तेल, भाकर या सगळ्या वापरातल्या वस्तू आहेत. किनाऱ्यावरच्या माणसाला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. मात्र एका ठिकाणी आपली हीच ओळख आपल्याला चकवते. ते पुढे येईल.

पहिली पायरी: कोणती प्रत घ्यायची

बायबल म्हणजे एक पुस्तक नाही, तो पुस्तकांचा संच आहे. त्याचे दोन भाग: जुना करार येशूच्या आधीचा, नवा करार येशूचा आणि त्याच्या शिष्यांचा. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात: जुन्या करारात ३९, नव्यात २७. कॅथलिक प्रतीत ७३, कारण तिच्या जुन्या करारात ४६ आहेत. नवा करार दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे मैत्रिणीच्या प्रतीत 'मक्काबी' आहे आणि आपल्या प्रतीत नाही, असं दिसलं तर छपाईची चूक समजू नका. जुना करार मुख्यतः हिब्रूत लिहिला गेला, त्यातला थोडा भाग अरामी भाषेत आहे, आणि नवा करार ग्रीकमध्ये.

मराठीत वाचणाऱ्याचं भाग्य असं, की आपल्याकडे हे काम प्रेमाने झालेलं आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत भाषांतर केलं. त्यांचं बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झालं. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सोप्या, आजच्या मराठीत 'सुबोध बायबल' दिलं. नवख्याने त्याच्यापासून सुरुवात करावी असं मी सांगते. बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' जरा जुन्या वळणाचं आहे, पण तेही शेजारी ठेवावं. एखादं वाक्य अडलं की दोन भाषांतरं समोरासमोर धरली की निम्मी गाठ सुटते.

एक ओळखपत्र लक्षात ठेवा: 'मत्तय १३:४७' म्हणजे मत्तयाच्या पुस्तकातला तेरावा अध्याय, सत्तेचाळिसावं वचन. हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन या धर्मगुरूने पाडले, आणि नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. म्हणून अध्याय संपला तिथे विचार संपला असं धरू नये. कितीदा तरी तो पुढच्या अध्यायात तसाच चालू राहतो.

दुसरी पायरी: मधूनच सुरुवात करा

मार्कपासून सुरू करा. येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, तेच सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं. एका दुपारी वाचून होतं आणि त्याची चाल धावती आहे. त्यानंतर योना घ्या, फक्त चार अध्याय. मग उत्पत्ती, निर्गमचे पहिले वीस अध्याय आणि रोज एक स्तोत्र. लेवीय नंतर. ते वाईट आहे म्हणून नव्हे. त्याची गरज का पडली हे आधी कळलं, तरच त्यात रस येतो.

स्तोत्रांत एक गंमत आहे. ११७ वं स्तोत्र सगळ्या बायबलमधला सर्वांत छोटा अध्याय, दोनच वचनांचा; आणि ११९ वं सर्वांत मोठं, १७६ वचनांचं. हे मोठं स्तोत्र हिब्रू मुळाक्षरांवर बांधलंय. अक्षरं बावीस, प्रत्येक अक्षरावर आठ ओळी, आणि त्या आठही ओळी त्याच अक्षराने सुरू होतात. आपल्याकडे कुणी 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत ओव्या रचाव्यात तसं. भाषांतरात ही कारागिरी दिसत नाही, पण ती आहे हे कळलं की त्या लांबीचा कंटाळा येत नाही.

तिसरी पायरी: वस्तू हातात घ्या

मिठापासून सुरुवात करू. येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात. पण मीठच अळणी झालं तर त्याला खारटपणा कशाने आणणार? (मत्तय ५:१३) कॉलेजातली मुलं लगेच विचारतात, मीठ अळणी कसं होईल? रसायनशास्त्राप्रमाणे ते होतच नाही.

त्याचं उत्तर आमच्याकडे शिरोड्याला आहे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं. तिथल्या मिठागरांत समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात, उन्हात आटवतात आणि वर आलेलं मीठ ओढून ढीग करतात. लहानपणी आमच्याकडे ते जाडं, करड्या रंगाचं मीठ मडक्यात असायचं. आषाढ लागला की मडक्याच्या बुडाशी पाणी साचायचं. आई वरचं मीठ काढून घ्यायची. बुडाशी राहायचा तो मातकट, किरकिरा गाळ जिभेला लावून बघावा तर बेचव. खारटपणा पाण्याबरोबर निघून गेलेला. आई तो गाळ अंगणाच्या वाटेवर टाकायची आणि आम्ही त्याच्यावरून चालायचो. येशूच्या काळी त्या प्रदेशातलं मीठही इतर क्षारांची आणि मातीची भेसळ असलेलंच असायचं. वचनाचा शेवट पुन्हा वाचा: असं मीठ बाहेर टाकून माणसांच्या पायांखाली तुडवलं जाण्यापलीकडे कामाचं राहत नाही. मला ते वचन आईच्या मडक्याने शिकवलं.

आता बायबलमध्ये मीठ आणखी कुठे येतं ते शोधा. लेवीय २:१३ मध्ये प्रत्येक अन्नार्पणाला मीठ लावण्याचा नियम आहे, आणि गणना १८:१९ मध्ये 'मिठाचा करार' असा शब्द येतो, म्हणजे न मोडणारा करार. एज्रा ४:१४ मध्ये राजाचे अधिकारी लिहितात की आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, म्हणून राजाचं नुकसान आम्हाला बघवत नाही. 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही! पण त्याच मिठाची दुसरी बाजूही बघा. मागे वळून पाहणारी लोटाची बायको मिठाचा खांब होते (उत्पत्ती १९:२६), आणि शास्ते ९:४५ मध्ये अबीमलेख जिंकलेलं शहर पाडून त्यावर मीठ पेरतो. टिकवणारं मीठ आणि उजाड करणारंही मीठच. खारं पाणी शेतात शिरलं की काय होतं, हे खाजणाच्या काठावर राहणाऱ्याला ठाऊकच असतं.

हीच रीत प्रत्येक प्रतीकाला लावा. आधी वस्तू, मग तिचं काम, मग ती ग्रंथात आणखी कुठे येते. अर्थ ज्या त्या जागी ठरतो. सिंह प्रकटीकरण ५:५ मध्ये ख्रिस्तासाठी येतो, तर पहिलं पेत्र ५:८ मध्ये सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो. साप एदेन बागेत फसवतो, आणि गणना २१ मध्ये खांबावर टांगलेल्या पितळी सापाकडे पाहून लोक वाचतात.

जाळं

यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

मत्तय १३:४७-४८ मधला दाखला असा: स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे, त्यात सर्व प्रकारचे मासे येतात. ते भरल्यावर माणसं ते काठाला ओढतात आणि बसून चांगले भांड्यांत जमा करतात, वाईट फेकून देतात.

ग्रीक मजकुरात जाळ्यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. येशूचे कोळी शिष्य पेत्र आणि अंद्रिया त्याला पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांच्या हातातलं जाळं फेकायचं आहे, आपल्याकडचा पाग. या दाखल्यातलं जाळं मात्र काठाकडे ओढून आणायचं, म्हणजे थेट रापण. मराठी भाषांतरात दोन्हीकडे 'जाळं' असंच येतं आणि फरक पुसला जातो.

रापण ज्याने पाहिलीय त्याला हा दाखला वेगळा दिसतो. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन येते, दोन्ही टोकांचे दोर काठावर, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा ओढत असतात. तास-तास ओढावं लागतं. जाळं पाण्यात असेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. काठाला आलं की बांगडे, तारल्या, पेडवे, त्यांतच कुर्ल्या, जेलीफिश, एखादा समुद्री साप, शेवाळ, सगळं एकाच ढिगात. आणि मग सगळे वाळूत बसतात. निवडणं उभ्याने होत नाही. मत्तयाने 'बसून' हा शब्द टाकलाय तो उगाच नाही. जाळं माणूस पाहून किंवा मासा पाहून गोळा करत नाही. निवड शेवटी होते, आणि ती ओढणाऱ्याच्या घाईने होत नाही. दाखल्याचा सगळा भार मला त्या बसण्यात दिसतो.

'वाईट' मासे म्हणजे सडलेलेच असं नाही. आता लेवीय कामाला येतं: ११:९-१२ मध्ये नियम आहे की पाण्यातल्या ज्या जिवाला पर आणि खवले आहेत तेवढाच खावा. गालीलच्या सरोवरात बिनखवल्याचा शिंगाळ्यासारखा मासा मिळतो. ज्यू कोळ्याच्या जाळ्यात तो आला की बाजूला काढणं आलंच. आपल्या किनाऱ्यावर हा नियम लावला तर वाम, कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या सगळ्या गेल्या.

आणि आपल्या किनाऱ्यावर तो खरोखर पाळला गेलाय. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेली सात पुरुष आणि सात बायका हे आपले पूर्वज, असं बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू माणूस त्यांच्याकडे आला तेव्हा त्याने बायकांना मिश्र मासे रांधायला दिले, आणि त्यांनी बिनखवल्याचे, बिनपरांचे मासे वेगळे काढून ठेवले, त्यावरून त्याने त्यांना ओळखलं, अशी त्यांची आठवण आहे. ग्रंथ हाताशी नसताना नियम बायकांच्या हातात राहिला. लेवीय कंटाळवाणं वाटायला लागलं की मला त्या माशांची चूल आठवते.

चौथी पायरी: जे लिहिलेलंच नाही ते बाजूला काढा

हे पटकन सांगते, कारण वाचायला लागलात की तुम्हालाच दिसेल. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्तीत कुठेही नाही. फक्त 'फळ' आहे. लॅटिनमध्ये 'वाईट' आणि 'सफरचंद' यांचे शब्द जवळजवळ सारखे, त्यातून ते रूढ झालं असावं. बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक तीन होते असं मत्तय सांगत नाही, भेटवस्तू तीन होत्या. योनाला देवमाशाने गिळलं नाही, मजकुरात 'मोठा मासा' एवढंच आहे. प्रेषित पौल दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर घोड्यावरून पडला हे चित्रकारांनी दिलेलं, प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये घोडा नाही. हिब्रू एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते बायबलमध्ये आहे.

आकड्यांबद्दल जपून राहा. सात, बारा, चाळीस हे आकडे वारंवार येतात आणि त्यांना वजन आहे. इस्राएलाचे बारा वंश, म्हणून बारा प्रेषित, म्हणून नव्या नगरीला बारा वेशी. चाळीस म्हणजे कसोटीचा लांब काळ: रानातली वर्षं, जलप्रलयाचा पाऊस, येशूचा उपास. प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा ६६६, त्यावर इंटरनेटवर भरपूर काही सापडेल. त्यात पडू नका. हिब्रू अक्षरांना संख्या असतात आणि 'नीरो कैसर' या रोमन सम्राटाच्या नावाची बेरीज ६६६ होते, हे अनेक अभ्यासकांना पटलेलं स्पष्टीकरण नवख्याला पुरेसं आहे.

पाचवी पायरी: जाऊन बघा

वाचन जरा मुरलं की बाहेर पडा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, कुठल्याही चर्चमध्ये जा. योहान १२:१३ मधल्या झावळ्या खजुराच्या, आमच्या हातात माडाच्या. त्यांच्या पातींचे विणलेले छोटे क्रूस लोक वर्षभर घरी ठेवतात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी (ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाचा तो पहिला दिवस) ते वाळलेले क्रूस चर्चमध्ये परत येतात, जाळले जातात, आणि त्याच राखेचा क्रूस कपाळावर लागतो. जयजयकाराची झावळी आणि मातीची आठवण देणारी राख ही एकच वस्तू आहे. हे कळायला पुस्तकापेक्षा त्या राखेचा वास जास्त उपयोगी पडतो.

चर्चच्या भिंतीवर माणूस, सिंह, बैल आणि गरुड दिसले तर ते अनुक्रमे मत्तय, मार्क, लूक आणि योहान. त्यांचं मूळ यहेज्केल १:१० आणि प्रकटीकरण ४:७ मध्ये. मासा दिसला तर तो सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची खूण: ग्रीकमध्ये मासा म्हणजे 'इख्थुस', आणि त्याची पाच अक्षरं म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या शब्दांची आद्याक्षरं.

अलिबागकडे गेलात तर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बाहेरून तरी बघा. आत जायचं तर आधी विचारा, शनिवारी नको. जवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. तो अग्निरथ २ राजे २:११ मधला. त्याच्या नावाने ते मलिदा करतात, त्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं. बायबलमधला संदेष्टा आणि कोकणातले पोहे एकाच ताटात!

समुद्रापाशी थांबा

आता तो चकवा.

प्रकटीकरण २१:१ मध्ये नवं आकाश आणि नवी पृथ्वी दिसते, आणि लगेच वाक्य येतं: "आणि समुद्र राहिला नाही." मी हे पहिल्यांदा घरी मोठ्याने वाचलं तेव्हा आजोबा जाळं शिवत बसले होते. हात थांबला. "मगे आम्ही काय खातलव?" त्यांनी विचारलं. खरोखर विचारलं. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर जुन्या करारात आहे. इस्राएली लोक डोंगरातले, मेंढरं राखणारे. शलमोन राजाने जहाजं बांधली तेव्हा समुद्र जाणणारे खलाशी हिराम राजाकडून आणावे लागले (१ राजे ९:२७). त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे आवर नसलेली शक्ती. उत्पत्तीच्या पहिल्याच ओळींत अंधार आणि खोल पाणी आहे. ईयोब ३८ मध्ये देव समुद्राला दारं-अडसर लावून बजावतो, इथपर्यंतच ये. दानीएल ७ मध्ये आणि प्रकटीकरण १३ मध्ये श्वापदं समुद्रातून वर येतात. म्हणून नव्या जगात समुद्र नाही, म्हणजे तो धाक नाही. आपल्याला समुद्र पोट भरणारा म्हणून ठाऊक, आणि तो अर्थ आपण नकळत त्या ओळीवर लादतो. मिठाच्या बाबतीत हाताने दाखवलं ते इथे हात दाखवत नाही. इथे त्या लोकांच्या डोळ्यांनी बघायला शिकावं लागतं.

पण त्या संध्याकाळी ओटीवर आणखी एक बाई होती, आमच्या वाड्यातली मावशी. तिचा घोव पावसाळ्याच्या तोंडावर होडी घेऊन गेला तो आलाच नव्हता. ती म्हणाली, "पुढचा वाच गो." मी पुढचं वाचलं, चौथं वचन, तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील. तिने मान हलवली आणि उठून गेली. तिला ते वाक्य समजावून सांगायची गरज पडली नव्हती.

शेवटची पायरी: योहान १८ आणि २१ एका बैठकीत वाचा

ही माझ्याकडची कसोटी. वरचं सगळं वापरून स्वतः वाचून बघायची जागा.

आधी योहान १८:१५-२७. येशूला धरून नेलंय, रात्र थंड आहे, वाड्याच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव केलाय. पेत्र तिथे शेकत उभा राहतो, आणि तीनदा विचारल्यावर तीनदा नाकारतो, मी त्याचा नव्हे.

मग एकविसावा अध्याय. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर सरोवरात जाळं टाकून रिकामे परतताहेत. तिथलं गालीलचं सरोवर गोड्या पाण्याचं, जेमतेम २१ किलोमीटर लांब. १९८६ मध्ये दुष्काळात पाणी ओसरल्यावर त्याच्या गाळात त्या काळातली सुमारे ८ मीटर लांबीची होडी सापडली, तेवढ्याशा होडीची कल्पना करा. पहाटे काठावरून कुणीतरी हाक मारतं, मुलांनो, खायला काही मिळालं का? आमच्या किनाऱ्यावर परतणाऱ्या प्रत्येक होडीला हाच प्रश्न येतो: "काय गावला काय रे?" तो म्हणतो उजवीकडे टाका, आणि जाळं भरतं. १५३ मासे. या आकड्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. संत ऑगस्टीन म्हणाले, १ ते १७ ची बेरीज १५३ होते. मला वाटतं, वाटे पाडायचे तर कोळी मासे मोजणारच.

पेत्र काठाला पोचतो तेव्हा तिथे मासे भाजत ठेवलेले असतात, आणि विस्तव असतो कोळशाचा. ग्रीक नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठीचा तो शब्द दोनच ठिकाणी आहे, अठराव्या अध्यायात आणि इथे. जेवण झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय?

दोन्ही अध्यायांत 'कोळसा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग एकदा संध्याकाळी किनाऱ्यावर जा, निखाऱ्यावर बांगडा भाजत असेल तिथे उभे राहा, आणि पेत्राच्या नाकात तो वास पहिल्यांदा कुठे शिरला होता ते आठवून तिसरा प्रश्न पुन्हा वाचा.